मौद्याच्या डेंटल लॅबला मिलिंग मशीन: कोणती घ्यायची, आणि आत्ता घ्यायची का?

हेडफोन लावून ऐकत असाल तर एक काम करा. जीभ मागच्या दाढांवरून फिरवा. कुठे कॅप बसवलेली असेल तर ती कोणी बनवली, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? आपण म्हणतो डॉक्टरने बसवली. बसवली डॉक्टरनेच, पण बनवली दुसऱ्याच माणसाने, आणि तो माणूस तुम्हाला कधी दिसत नाही. १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये त्याला 'डेंटल मेकॅनिक' म्हटलंय. आपल्याकडे सगळे टेक्निशियनच म्हणतात.

माझे मामा तेच काम करतात, मौद्यात. ज्यांना मौदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: नागपूर-भंडारा रस्त्यावर, नागपूरपासून पस्तीसेक किलोमीटर, कन्हान नदीकाठी. एनटीपीसीचं २३२० मेगावॉटचं वीज केंद्र आहे म्हणून नाव कानावर आलं असेल. बाकी धानाची वावरं. मामांची लॅब म्हणजे दोन खोल्या, दोन पोरं कामाला, आणि आसपासच्या गावांतले डॉक्टर. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे, दातांचं शिक्षण माझं शून्य. पण घरात कोणी इंजिनीअर झाला की प्रिंटरपासून पंपापर्यंत सगळं त्याच्याकडेच येतं. तसं हे कोटेशन माझ्याकडे आलं. वीस लाखांचं. आणि त्यासाठी दीड एकर वावर गहाण टाकायची तयारी मामांनी मनात करून ठेवली होती.

का, ते आधी समजून घ्या. मामा शिकले ते मेणाच्या काळात. डॉक्टरकडून माप यायचं, त्याचा प्लास्टरचा साचा, त्यावर मेणाचा दात, मग मेण जाळून त्या पोकळीत वितळलेला धातू, आणि धातूवर चिनीमातीचे थर. हाताचं काम, आणि मामांचा हात चांगला. पण गेल्या काही वर्षांत डॉक्टर झिर्कोनिया मागायला लागले. पांढरा, धातू नाही, हिरडीशी काळी रेघ दिसत नाही. झिर्कोनिया हाताने ओतता येत नाही. तो कोरावाच लागतो, आणि कोरायला मशीन लागते. म्हणून मामा आपलं काम नागपूरच्या एका मिलिंग सेंटरला पाठवतात आणि तयार कॅप परत आली की रंग-चकाकी स्वतः करतात.

दुसऱ्या बाजूला मोठ्या लॅब आहेत. केरळातल्या मुवट्टुपुळा गावातली डेंटकेअर ही देशातल्या सगळ्यात मोठ्या लॅबपैकी एक. मुंबईची लक्ष्मी डेंटल तर जानेवारी २०२५ मध्ये शेअर बाजारात आली. आता डॉक्टर तोंडात स्कॅनर फिरवतो, फाइल पाठवतो, कुरिअरने वॉरंटी कार्डासकट कॅप येते. मौद्यातल्या डॉक्टरला मामांकडेच काम द्यायचं कारण काय उरतं? एकच: काही अडलं तर मामा अर्ध्या तासात क्लिनिकमध्ये हजर असतात. त्यामुळे मामांना वाटलं, मशीन आली की आपण टिकू.

आता तंत्र थोडं बघू, कारण ते कळल्याशिवाय कोटेशन वाचताच येत नाही.

झिर्कोनियाची गोल चकती येते. व्यास ९८ मिलिमीटर, जाडी साधारण १० ते २५. पुरीएवढी पण जाडजूड, खडूसारखी. अशी एक चकती मशीनमध्ये अडकवायची आणि बारीक फिरत्या बरने त्यातून दात कोरायचे, एका चकतीत वीसेक. कोरताना ती मऊ असते, पूर्ण भाजलेली नसते. नंतर भट्टीत साधारण १५०० अंश सेल्सिअसला भाजली की आकसते आणि दगडासारखी होते. कुंभार मडकं थोडं मोठंच करतो, भट्टीत ते बारीक होणार हे त्याला ठाऊक असतं. इथेही तेच. फरक इतकाच की किती आकसणार हा आकडा प्रत्येक चकतीवर छापलेला असतो. समजा १.२३. म्हणजे १० मिलिमीटरचा दात १२.३ चा कोरायचा. आता कोणी चुकून १.२५ टाकला तर? दात भाजून १०.१६ होईल. ०.१६ मिलिमीटर, म्हणजे १६० मायक्रॉन. तुम्ही म्हणाल, इतकंच? तर दंतवैद्यकात कॅप आणि दाताच्या कडेमधली फट किती चालते याचा १२० मायक्रॉन हा आकडा १९७१ पासून वापरात आहे. त्याहून मोठ्या फटीत अन्न, किडे, पुन्हा रूट कॅनल. एका टाइप केलेल्या आकड्यावर हे सगळं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला कॉन्फिगरेशनची चूक म्हणतो ना, ती इथे माणसाच्या तोंडात जाऊन बसते.

तर कोटेशनमध्ये पहिला शब्द होता 'फाइव्ह अ‍ॅक्सिस'. विक्रेता हा शब्द असा उच्चारतो की चार अक्ष असलेली मशीन म्हणजे जणू बैलगाडी. खरं काय ते कणसावरून सांगतो. निखाऱ्यावर कणीस भाजताना आपण ते गोल-गोल फिरवतो. हा झाला चौथा अक्ष. पहिले तीन म्हणजे डावं-उजवं, पुढे-मागे, वर-खाली. पण कणसाचं टोक भाजायचं असेल तर कणीस तिरकं धरावं लागतं. तो पाचवा. एकटीदुकटी दाढ असेल तर चार अक्षांत काम भागतं. पण लांब ब्रिज असेल आणि त्याचे खांब-दात एकमेकांकडे झुकलेले असतील, किंवा इम्प्लांटचा स्क्रू तिरका जात असेल, तर काही कोपऱ्यांत बर सरळ पोचतच नाही. तिथे पाचवा अक्ष लागतो. मामांच्या वहीत मी सहा महिन्यांचं काम मोजलं. बहुतेक एकेकट्या कॅप आणि तीन दातांचे ब्रिज. म्हणजे आजच्या कामाला चार पुरे. पण इम्प्लांटची कामं वाढताहेत, आणि मशीन एकदा घेतली की सात-आठ वर्षं बदलता येत नाही. म्हणून माझं मत पाचकडे झुकतं, पण विक्रेत्याने सांगितलेल्या कारणासाठी नाही.

दुसरा शब्द 'वेट अँड ड्राय'. झिर्कोनिया, मेण, प्लास्टिक हे कोरडं कोरतात. काचेसारखं सिरॅमिक, म्हणजे लिथियम डायसिलिकेट, आणि टायटॅनियम यांना पाणी लागतं, नाहीतर गरम होऊन बरही जातो आणि मालही. दोन्ही करणारी मशीन ऐकायला मस्त वाटते. प्रत्यक्षात काय होतं? सकाळी पाण्यावर काच कोरली, दुपारी झिर्कोनिया लावायचा, तर आधी सगळं धुवा, पुसा, सुकवा. ओलसर राहिलं की झिर्कोनियाची पूड चिखल होऊन बसते. दोन पोरांच्या लॅबमध्ये हे रोज कोण करणार? काही दिवसांनी ती मशीन एकाच कामाला वापरली जाते आणि जास्तीचे पैसे तसेच पडून राहतात. आणि पर्याय आहेतच. मेणाचा दात कोरडा कोरून तो दाबून काच-सिरॅमिकमध्ये उतरवता येतो, इम्प्लांटला टायटॅनियमचा तयार बेस मिळतो, त्यावर झिर्कोनिया चिकटवतात. लहान लॅबला फक्त कोरडी मशीन घ्या, असं मी ठामपणे सांगेन.

तिसरी गोष्ट कोटेशनमध्ये नव्हतीच, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मशीन उघडी की बंद? उघडी म्हणजे कुठल्याही कंपनीची ९८ मिलिमीटरची चकती चालते, कुठल्याही डिझाइन सॉफ्टवेअरची एसटीएल फाइल चालते. बंद म्हणजे चकती त्यांचीच, बर त्यांचेच, सॉफ्टवेअर त्यांचंच, काही ठिकाणी तर चकतीवर चिप असते आणि दुसऱ्याची चकती लावली तर मशीन सुरूच होत नाही. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, तोच खेळ. बंद पद्धतीचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: सगळं एकाच घरचं असल्यामुळे जुळवाजुळवीची कटकट कमी, आणि काही बिघडलं तर 'हे आमचं नाही, त्यांचं आहे' हे ऐकावं लागत नाही. ज्याच्याकडे कॉम्प्युटर सांभाळायला कोणी नाही त्याला हे पटू शकतं. मामांकडे फुकटचा भाचा आहे.

बाजारात नावं बरीच आहेत. जपानची रोलँड डीजी, मूळची प्लॉटर आणि प्रिंटर बनवणारी, तिची डीडब्ल्यूएक्स मालिका लहान लॅबमध्ये खूप दिसते. जर्मनीच्या व्हीएचएफ आणि इमेस-आयकोर. ऑस्ट्रियाची आमान गिरबाख. इटलीच्या डोंगराळ भागातली झिर्कोनझान. शिवाय चिनी मशीनची रांगच. मी कुठलीही 'बेस्ट' म्हणणार नाही, कारण नावापेक्षा एक प्रश्न मोठा आहे आणि तो मामांनीच विचारला होता: "बाबू, मशीन त येईन, पन थे बंद पडली त कोनाले बोलवू?" सर्व्हिस इंजिनीअर कुठे बसतो? नागपुरात, की पुण्यात, की मुंबईत? स्पिंडल, म्हणजे बर फिरवणारी मोटर, हा झिजणारा आणि सगळ्यात महाग भाग. तो बदलायचा झाला तर किंमत किती, आणि किती दिवसांत येतो? हे तोंडी नको, कोटेशनच्या कागदावर लिहून मागा. आम्ही चार विक्रेत्यांकडे मागितलं, दोघांनी लिहून दिलं, तिसऱ्याने फोन केला, चौथ्याने ब्रोशर पुन्हा पाठवलं.

डेमोबद्दल एक सांगतो. शोरूममध्ये जो दात कोरून दाखवतात तो त्यांचा असतो, देखणा आणि सोपा. तुमची केस घेऊन जा. खालचा पुढचा दात, डॉक्टरने घासून अगदी बारीक केलेला. त्याची धार बरच्या टोकापेक्षा अरुंद असते. मग सॉफ्टवेअर काय करतं, तर बर आत शिरावा म्हणून कॅप आतून जास्त कोरून टाकतं. कॅप बसते, पण आत पोकळी राहते आणि भिंत पातळ होते. म्हणून किती बारीक बर लागतो, आणि कॅपची कड भाजण्याआधी तुटते का, हे त्या एका दातावर दिसतं. आणि तीच कॅप पाच वेळा कोरायला सांगा. पाचही एकाच साच्यावर सारख्या बसल्या पाहिजेत. एक छान निघाली याला काही अर्थ नाही.

आता मौद्याचं म्हणून जे आहे ते. मे महिना. नागपूर पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे नवीन नाही. मशीनच्या मॅन्युअलमध्ये खोलीचं तापमान किती असावं ते लिहिलेलं असतं, ते मॅन्युअल लिहिणाऱ्याने आमचा मे बघितलेला नसतो. म्हणजे एसी हा चैनीचा खर्च नाही, मशीनचाच भाग धरायचा. पावसाळ्यात हवा दमट, आणि मशीनला लागते कोरडी, तेल नसलेली दाबाची हवा. साधा पंक्चरवाल्याचा कंप्रेसर चालत नाही; ड्रायर लागतो. झिर्कोनियाची पूड पिठासारखी उडते, ती फुफ्फुसात जायला नको, म्हणून चांगला सक्शन हवा. मामांच्या पिढीत तोंडाला रुमाल बांधून काम करायचे. ते बंद झालंच पाहिजे.

आणि लाइट. वीज केंद्र शेजारी असलं म्हणून आपल्या घरची लाइट जात नाही असं नसतं, वादळात तार कुठेही तुटू शकते. मिलिंग थांबली तर फार तर एक दात जातो. भट्टीचं तसं नाही. नेहमीचं भाजणं आठ-दहा तास चालतं, बहुतेक लॅब रात्री लावतात. मध्येच वीज गेली तर अख्खी थाळी, वीस-पंचवीस दात, संशयास्पद. अर्धवट शिजलेला भात पुन्हा गॅसवर ठेवता येतो, इथे तशी खात्री देता येत नाही. म्हणून भट्टीला बॅकअप हवा, आणि भट्टी दोन-तीन किलोवॉट खाते, घरचा इन्व्हर्टर तिला पुरत नाही. हे कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हतं.

बरं, आता हिशेब. आकडे मामांच्या वहीतले आणि विक्रेत्याच्या कागदातले, तुमच्या गावी वेगळे असतील, रीत तीच.

मामांकडे महिन्याला झिर्कोनियाचे साधारण ९० दात. सेंटर एका दाताचे ७०० घेतं: साचा स्कॅन करणं, डिझाइन, कोरणं, भाजणं, सगळं धरून. विक्रेत्याचं म्हणणं, घरी केलं तर ३५० लागतात, म्हणजे प्रत्येक दाताला ३५० वाचले. ९० दातांचे ३१,५०० रुपये. वीस लाखांचं कर्ज, पाच वर्षं, ११ टक्के व्याज धरलं तर हप्ता येतो साधारण ४३,५००. म्हणजे पहिल्याच महिन्यापासून खिशातून बारा हजार. विक्रेता म्हणतो काम वाढेल. वाढेलही. मामा त्यावर म्हणाले, "हप्ता मशीन नाई भरत, मी भरतो."

इथपर्यंत कोणीही पोचेल. पण मला त्या ३५० रुपयांच्या बचतीत काहीतरी खटकत होतं. मी सेंटरला फोन करून विचारलं, आम्ही तयार डिझाइनची फाइल पाठवली, तुम्ही फक्त कोरून भाजून दिलं, तर किती? म्हणाले ५००. आता बघा. ७०० मधले २०० हे स्कॅन आणि डिझाइनचे होते. स्कॅनर आणि डिझाइन सॉफ्टवेअर म्हणजे वीस लाखांतले पाच. उरलेले पंधरा लाख मशीन, भट्टी आणि त्यांचा लवाजमा. पाच लाखांचा हप्ता १०,९०० च्या आसपास, आणि त्याने वाचतात ९० गुणिले २०० म्हणजे १८,०००. पंधरा लाखांचा हप्ता ३२,६००, आणि त्याने दर दाताला वाचतात फक्त १५०. म्हणजे नुसता हप्ता निघायला २१७ दात लागतात. एसी, मेंटेनन्स, बॅकअप यांचे महिन्याला आठेक हजार धरले तर २७०. विक्रेत्याने फायद्याची आणि तोट्याची वस्तू एकाच गाठोड्यात बांधून दिली होती, म्हणून ती बरी दिसत होती.

त्यात आणखी एक. एक दात कोरायला समजा वीस मिनिटं. ९० दात म्हणजे तीस तास. महिन्यात कामाचे दोनशे तास धरले तर मशीन १७० तास नुसती बसून राहणार, एसीत. आपोआप चकती बदलणारा पर्याय तीन लाखांत होता, त्याची तर गरजच नाही.

मामांना हे पटायला दोन रविवार लागले. कारण प्रश्न नुसता पैशाचा नव्हता. मशीन दारात दिसली की डॉक्टरांना दिसतं, पोरांना वाटतं आपली लॅब पुढे चाललीय. स्कॅनर म्हणजे टेबलावरचं एक खोकं. पण डिझाइन करणं, म्हणजे दाताचे उंचवटे कुठे, समोरच्या दाताशी टेकणार किती, हेच तर मामांचं कसब. मेणाच्या चाकूऐवजी माऊस. पहिल्या आठवड्यात त्यांनी माऊस आपटला, तिसऱ्या आठवड्यात एका पोराला सांगत होते की सॉफ्टवेअरने दिलेला दात 'कोनाचाच नसते', तो पेशंटच्या तोंडाचा करावा लागतो.

स्कॅनर घेतला. पाच लाख मुद्रा कर्जात बसले, किशोर गटाची मर्यादा तेवढीच आहे. वावराला हात लावावा लागला नाही. मोठं कर्ज कोणाला घ्यायचंच असेल तर बँकेत सीजीटीएमएसईबद्दल विचारा, केंद्राची हमी योजना आहे, तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. बँकवाले स्वतःहून सांगतीलच असं नाही.

मग मशीनचं काय? तो विषय संपलेला नाही. भंडाऱ्याला आणि रामटेकला मामांच्या ओळखीच्या दोन लॅब आहेत, दोघंही बाहेरूनच कोरून आणतात. तिघांचे मिळून महिन्याला २८० दात होतात. म्हणजे २७० ची रेघ कशीबशी ओलांडली जाते. तिघांत एक मशीन: पाच अक्ष, कोरडी, उघडी, आणि सर्व्हिस इंजिनीअर नागपूरचा. कागदावर जमतंय. पण मशीन ठेवायची कोणाकडे? मौदा मध्ये पडतं म्हणून मामा म्हणतात इथेच, रामटेकवाले गप्प आहेत. एखादा ब्रिज बिघडला तर चूक डिझाइनची की कोरण्याची, आणि चकतीचे पैसे कोणी भरायचे? मी तिघांसाठी एक साधी शीट बनवली आहे: प्रत्येक कामाची फाइल कोणाची, चकतीचा बॅच, आकसण्याचा आकडा, बरने किती दात कोरले, परत आलं तर कारण. सध्या सेंटरच्या कामावरच ती भरताहेत. तीन महिने भरून बघायचं ठरलंय, दोन झालेत. भंडाऱ्याचे काका रोज भरतात, मामा शनिवारी एकदम भरतात, आणि रामटेकहून अजून फोटो येतात, वहीचे, व्हॉट्सअ‍ॅपवर.